टंग टाय आहे म्हणाले? आधी बाळाचं पिणं बघा, मग जीभ

माझा मुलगा जुलैत झाला. डिचोलीत घर, पाऊस थांबायचं नाव नाही, सहाव्या दिवशी सटीची पूजा म्हणून घर माणसांनी भरलेलं आणि मी आतल्या खोलीत दात-ओठ आवळून त्याला पाजत बसलेली. तोंडात घेतलं रे घेतलं की पायाच्या बोटांपर्यंत कळ जायची. सोडलं की निप्पल गोल नसायचं, नव्या लिपस्टिकला जसा तिरका काप असतो ना तसं एका बाजूने चपटं आणि टोकावर पांढरी रेघ. पिताना टक्, टक् असा आवाज यायचा, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा. मला वाटायचं किती छान पितोय, आवाज येतोय. उलट होतं, तो आवाज म्हणजे पकड सुटल्याचा आवाज.

सासूबाई म्हणाल्या, "दूद पावना गो तुजें," म्हणजे तुझं दूध पुरत नाही गं. त्यांना काळजी वाटत होती म्हणूनच म्हणाल्या. पण माझं दूध कमी नव्हतं, त्याला ते ओढून काढता येत नव्हतं. हा फरक कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, तुमचे तरी तेवढे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितेय.

टंग टाय म्हणजे काय

आरशासमोर उभं राहून जीभ वर करा, खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल. तो सगळ्यांनाच असतो. काही बाळांचा तो आखूड किंवा जाड असतो किंवा जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलेला असतो, मग जीभ वर उचलत नाही, हिरडीच्या पुढे येत नाही, आणि बाळ रडताना टोक मधे खेचलं जाऊन जीभ पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. डॉक्टर याला अँकिलोग्लॉसिया म्हणतात. साधारण १०० बाळांत ४ ते १० जणांना असतो असं धरतात, मोजायची पद्धत एकसारखी नाही म्हणून आकडा कमी-जास्त होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि कधी कधी घराण्यातून येतो. आमच्याकडे मुलाचं कळल्यावर नवऱ्याची जीभ बघितली, ती खालच्या ओठाच्या पुढे जेमतेम जाते! देवळात दर एकादशीला भजन म्हणतो तो, बोलण्यात कधी काही जाणवलं नाही म्हणून इतकी वर्षं कोणी बघितलंच नव्हतं.

आता पाजताना जिभेचं काम काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. बाळाची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते, स्तनाला खालून धरते, आणि मग जिभेचा मागचा भाग खाली गेला की तोंडात पोकळी होते आणि दूध ओढलं जातं. जीभ पुढे येतच नसेल तर बाळ बिचारं हिरड्यांनी चावून धरतं. म्हणून आईला दुखतं, चिरा पडतात, स्तन पूर्ण रिकामा होत नाही, गाठी येतात, कधी ताप येऊन मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाला सूज, होतो. आणि दूध जेवढं निघतं तेवढंच पुढे बनतं, त्यामुळे असंच चालू राहिलं तर दोन-तीन आठवड्यांनी दूध खरंच कमी व्हायला लागतं आणि मग "पावना" म्हणणारे बरोबर ठरतात.

पण हे पण तितकंच खरं की पडदा आखूड असूनही कितीतरी बाळं मस्त पितात, वजन वाढतं, आईला काही दुखत नाही. त्यांना काहीही करायची गरज नाही. जीभ कशी दिसते यावर ठरवायचं नाही, जीभ काय करते यावर ठरवायचं.

घरी काय बघायचं

पहिलं म्हणजे वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. वजन नेहमी एकाच काट्यावर करा आणि सगळे कपडे काढून. आम्ही एकदा आरोग्य केंद्रात केलं आणि दोन दिवसांनी दुसरीकडे, १५० ग्रॅम कमी भरलं, मी रात्रभर रडले, आणि सकाळी परत पहिल्या काट्यावर नेलं तर वजन वाढलेलं होतं.

दुसरं लघवी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा तरी ओलं व्हायला हवं, आणि शी हळदीसारखी पिवळी. डायपरमध्ये किती वेळा झाली ते कळत नाही, म्हणून निदान दोन दिवस सुती लंगोट बांधा. पावसाळ्यात वाळत नाहीत माहीत आहे मला, आम्ही घरभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि शेवटी इस्त्री फिरवून वाळवायचो, पण त्या दोन दिवसांत जे कळलं ते कुठल्या टेस्टने कळलं नसतं.

तिसरं गिळणं. दूध आल्यावर बाळ एक-दोनदा ओढतं आणि गिळतं, हळू "ख्" असा श्वास सोडल्यासारखा आवाज येतो. नुसतं भराभर चोखतंय आणि गिळतच नाही, तासभर छातीला आहे, तिथेच झोपतं आणि खाली ठेवलं की परत भुकेलं, दूध ओठांच्या कडेने गळतंय, हे सगळं लिहून ठेवा. मी फोनवरच लिहायचे, वेळ, कुठली बाजू, दुखलं का, ओलं केलं का. डॉक्टरांकडे ही यादी फार कामाला येते, कारण तिथे गेलं की डोकं चालत नाही.

आणि हे नीट वाचा. बाळ सुस्त आहे, पाजायला उठतच नाही, लघवी फार कमी, पाचव्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग, कावीळ पायांपर्यंत दिसतेय, यातलं काहीही असेल तर जीभ-बीभ सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

कापायच्या आधी धरण्याची पद्धत

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे नेमका हाच गाळतात. आम्ही गेलो त्या पहिल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाच सेकंद जीभ बघितली आणि म्हणाले कापूया. पाजताना बघितलंच नाही. दुसऱ्यांनी सांगितलं एवढा त्रास कशाला, वरचं दूध सुरू करा. दोघांनीही मला "जरा पाजून दाखव" म्हटलं नाही, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. २०१९ ला अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, जिभेच्या ऑपरेशनसाठी पाठवलेल्या ११५ बाळांचं पिणं आधी नीट तपासलं आणि पाजायला मदत केली, तर जवळजवळ ६३ टक्के बाळांना ऑपरेशन लागलंच नाही. म्हणून आधी हे करून बघा.

मागे टेकून अर्धवट आडव्या बसा, पाठीला उशा, बाळ तुमच्या अंगावर पालथं. टंग टायच्या बाळाला ही पोझिशन सोपी जाते कारण वजनाने जीभ आणि हनुवटी आपोआप पुढे येतात. बसूनच पाजायचं असेल तर पोटाला पोट, बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. उजव्या स्तनाला पाजताना डावा हात बाळाच्या पाठीला आणि मानेला, डोक्याला मागून ढकलायचं नाही, ढकललं की ते उलट मागे रेटतं. बाळाचं नाक निप्पलच्या समोर ठेवा, तोंड नाही, नाक. निप्पल वरच्या ओठाला हळूच लावा आणि थांबा. खरंच थांबा. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं की पटकन बाळाला जवळ ओढा, हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि खालच्या बाजूचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात गेला पाहिजे. स्तन अंगठा आणि बोटांनी थोडा दाबून चपटा करून दिला, वडापाव तोंडात घालताना दाबतो तसा, तर आखूड जिभेच्या बाळालाही जास्त भाग धरता येतो.

पहिले पाच-दहा सेकंद ओढल्यासारखं वाटलं तर चालतं, पण पुढेही दुखत राहिलं तर सहन करत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि परत लावा. पाच वेळा लागलं तर पाच वेळा. बाळ नुसतं चोखायला लागलं की स्तन हाताने हळू दाबून धरा, दूध आलं की ते परत गिळायला लागतं. चिरांना स्वतःचंच दूध लावून वाळू द्या, किंवा लॅनोलिनचं मलम.

दूध टिकवून ठेवा

जिभेचं काय ते ठरेपर्यंत आठवडा दोन आठवडे जातातच, तेवढ्यात दूध आटता कामा नये. बाळ नीट ओढत नसेल तर पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने दूध काढा, आणि ते अजिबातच छातीला धरत नसेल तर २४ तासांत आठेक वेळा, त्यात रात्रीची एक वेळ तरी पाहिजेच. काढलेलं दूध बाटलीने देण्यापेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं. सासूबाईंनी कपाटातून नवऱ्याचं चांदीचं बोंडलं काढलं, तेव्हा मला खूप बरं वाटलं, वाटलं की आता आम्ही दोघी एका बाजूला आहोत. रोजच्या वापराला मात्र आम्ही स्टीलचं घेतलं, चोच आतून ब्रशने घासता येते आणि प्रत्येक वेळी उकळता येतं. पाजताना बाळाला जवळजवळ बसतं धरा, चोच खालच्या ओठावर टेकवा आणि त्याला त्याच्या गतीने प्यायला द्या, घशात ओतू नका. आपल्याकडच्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमधलं आम्ही २४ तासांत संपवायचो.

आणि खरोखरच वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी थोडं वरचं दूध द्यायला सांगितलं तर द्या. आधी बाळाचं पोट, मग बाकी सगळं. सोबत दूध काढणं चालू ठेवलंत तर परत अंगावर आणता येतं.

कोणाकडे जायचं, काय विचारायचं

सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञांपासूनच करा. पडदा कापायचं काम ईएनटी, लहान मुलांचे सर्जन किंवा मुलांचे डेंटिस्ट करतात. उत्तर गोव्यातल्यांना म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल जवळ, दक्षिणेला मडगावचं, आणि बांबोळीला जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) आणि गोवा डेंटल कॉलेज शेजारी शेजारी. बांबोळीला जायचं तर सकाळी लवकर निघा आणि काढलेलं दूध सोबत घ्या, रांगेत बाळाला भूक लागतेच. कोणाकडेही गेलात तरी हट्ट धरा की आधी मला पाजताना बघा.

मग हे विचारा. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं, इंजेक्शन दिलंय का, कागदावर लिहिलेलं शोधून न्या, नसेल दिलं तर आधी ते. घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का ते स्वतःहून सांगा. कात्री की लेझर, तेही विचारा, लेझर महाग असतं पण कात्रीपेक्षा चांगलं असं सिद्ध झालेलं नाही. ओठाचा पडदा, गालाचा पडदा पण कापूया म्हणाले तर दुसरं मत घ्या, दूध पिण्यासाठी ते कापून फायदा होतो याला काही पक्का आधार नाही. "पुढे बोबडं बोलेल" म्हणून कापायला सांगितलं तर तेवढ्यासाठी तान्ह्या बाळाचं कापू नका, नवऱ्याचं उदाहरण माझ्या डोळ्यासमोर आहेच.

कापून नक्की काय मिळतं, तेही खरं खरं सांगते. २०१७ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) पाच चाचण्या एकत्र करून बघितल्या, सगळी मिळून ३०२ बाळं. आईचं दुखणं कमी होतं असं दिसलं, निदान सुरुवातीच्या दिवसांत, पण बाळाचं पिणं दरवेळी सुधारतंच असं नाही दिसलं. म्हणजे कापणं उपयोगी आहे पण जादू नाही. धरण्याची पद्धत सुधारून, दूध काढून, आठवडाभर प्रयत्न करूनही दुखतंय किंवा वजन अडलंय आणि जीभ खरंच अडकलेली आहे, असं असेल तर मी म्हणेन घाबरू नका, करून टाका. आम्ही तेच केलं.

त्या दिवशी

तान्ह्या बाळाला भूल देत नाहीत, फार तर सुन्न करायचं औषध लावतात. मोठ्या, दात आलेल्या बाळाला मात्र पूर्ण भूल लागू शकते. बऱ्याच ठिकाणी आधी तासभर पाजू नका सांगतात, म्हणजे नंतर भुकेने लगेच ओढतं. दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळतात, एकजण डोकं धरतो, डॉक्टर जीभ वर उचलून बोथट टोकाच्या कात्रीने तो पडदा कट करतात. संपलं. माझा मुलगा गुंडाळताना जास्त रडला, कापताना आवाज थोडा वाढला एवढंच. कापसाच्या बोळ्यावर कुंकवाच्या टिकलीएवढं रक्त होतं, आणि मिनिटभरात तो माझ्या अंगावर पीत होता. तुम्हाला बघवत नसेल तर बाहेर थांबा, पण दाराजवळच थांबा, कारण लगेच पाजणं हेच रक्त थांबवायचं आणि शांत करायचं औषध.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी जिभेखाली पांढरा-पिवळा चौकोनी डाग दिसतो, बर्फीच्या वडीच्या आकाराचा. सगळ्यांना वाटतं पू झाला. पू नाही, जखम भरत असते, एक-दोन आठवड्यांत जातो. पुसू नका, खरवडू नका. आमच्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंनी जिभेला वेखंड लावूया म्हटलं, वाणी स्वच्छ होते म्हणून. मी हात जोडून सांगितलं की आत जखम आहे, काही लावायचं नाही. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच कारणासाठी द्यायचा नाही. बाळगुटीचं जायफळ-हळकुंड पण लांबच ठेवा.

बोट घालून जखम दिवसातून चार-सहा वेळा ताणायला सांगणारे पण भेटतील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या अहवालात असं ताणायची शिफारस केलेली नाही, आणि बाळ तोंडाजवळ काही आणलं की घाबरायला लागलं तर पिणंच बंद पडतं. त्यापेक्षा त्याच्या समोर तोंड करून जीभ बाहेर काढून दाखवा. भरपूर वेळ उघड्या छातीवर घ्या. पाजणं हाच व्यायाम.

थोडं रक्त परत दिसलं तर पाजा. तरीही येत असेल तर स्वच्छ गॉज जिभेखाली धरून हलका दाब द्या आणि दहा मिनिटांत थांबलं नाही तर हॉस्पिटल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा वर ताप आला तरीही लगेच दाखवा, घरी पॅरासिटॅमॉल देऊन वाट बघू नका. औषधाचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरच सांगतील.

पिणं लगेच सुधारेलच असं नाही. त्याने पोटात असल्यापासून जीभ एका पद्धतीनेच वापरलेली, आता ती मोकळी झाली तर काय करायचं हे त्याला शिकावं लागतं. आमचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट जास्त चिडचिडा झाला, मला वाटलं चुकलं काहीतरी. पाचव्या दिवशी दुपारी पेज खाऊन पाजायला बसले आणि लक्षात आलं की टक् टक् येत नाहीये, फक्त गिळल्याचा आवाज. डावीकडे अजून दुखायचं, ते थांबायला आणखी दहा दिवस गेले. आठवड्याने त्याच काट्यावर वजन केलं, १९० ग्रॅम वाढलं होतं.

दोन आठवड्यांनी परत दाखवायला जा, जखम भरताना पडदा कधी कधी पुन्हा चिकटतो, आणि पिणं परत बिघडलं तरच त्याचं बघायचं. पंप एकदम बंद करू नका. वजन दोन आठवडे नीट वाढलं की दर दोन-तीन दिवसांनी दूध काढायची एक वेळ कमी करा, आधी दुपारची, मग संध्याकाळची, रात्रीची सगळ्यात शेवटी. स्तन जड वाटला तर थोडंच काढा, बरं वाटेल इतकंच, पूर्ण रिकामा करू नका, नाहीतर तो तेवढंच दूध परत बनवत राहतो.